स्वस्तातलं टर्बाइन इंजिन : मिळतं कुठं आणि महाग पडतं कुठं

तेजस विमानांसाठी २०२१ साली अमेरिकेत ९९ इंजिनांची ऑर्डर गेली आणि त्यातलं पहिलं इंजिन हातात पडायला मार्च २०२५ उजाडला. कावेरी हे आपलं स्वतःचं जेट इंजिन करायला घेतलं त्याला १९८९ पासूनची वर्षं मोजावी लागतात. अशी बातमी पेपरात आली की आमच्या दुकानात चहासोबत एक प्रश्न हमखास येतो: एवढं काय असतं त्या इंजिनात? दुकान धुळ्यात, अवधानच्या बाजूला. काम डिझेल पंप, नोझल आणि टर्बोचं. विमानाशी आमचं नातं लांबचं, पण अगदीच नाही असं नाही. ते पुढं येईल.

मागच्या उन्हाळ्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा आला. जुन्या मारुती ८००चं खालचं सामान, वर पाइप वेल्ड करून केलेली बग्गी. मोबाइलवर फोटो दाखवला आणि म्हणाला, "नाना, हिला टर्बाइन बसवायचंय. स्वस्तात कुठं मिळंल?" बाकावर नोझलची वाट बघत एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. त्यानं मान लांब करून फोटो पाहिला आणि विचारलं, "हाई डिझल कितलं खास भो?" म्हणजे, हे डिझेल किती खातं भाऊ?

पोरगा हसला. मला हसू आलं नाही, कारण खरा प्रश्न ड्रायव्हरनंच विचारला होता.

टर्बाइन म्हणजे नेमकं कोणतं?

खान्देशात टर्बाइनला तोटा नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर वाऱ्याची टर्बाइनं फिरतात. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वाफ करतात आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. पाती असलेलं चाक आणि त्यावर आदळून त्याला फिरवणारा प्रवाह, एवढं असलं की टर्बाइन झालं. प्रवाह वाऱ्याचा असो, पाण्याचा असो की वाफेचा.

विमानात असतं ते गॅस टर्बाइन. इथं 'गॅस' म्हणजे सिलिंडरमधला गॅस नव्हे, जळून तापलेली हवा. वाफ करायला बॉयलर लागत नाही, इंधन थेट हवेत जळतं, म्हणून ते एवढं हलकं होतं. या लेखात टर्बाइन म्हटलं की हेच समजायचं.

उखळ आणि चक्की

ट्रॅक्टरचं इंजिन म्हणजे उखळ-मुसळ. दाणे टाका, कांडा, काढा, परत टाका. हवा आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं ही चारही कामं एकाच सिलिंडरमध्ये पाळीपाळीनं होतात. टर्बाइन म्हणजे पिठाची चक्की. वरून दाणे पडतच असतात, खालून पीठ येतच असतं. कामं तीच चार, पण चार जागी आणि सगळी एकाच वेळी.

पुढं कॉम्प्रेसर, म्हणजे हवा ओढून दाबणारं पंख्यासारखं चाक. मध्ये ज्वलनकक्ष, जिथं इंधनाचा फवारा सतत जळत राहतो. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हचा भर्रर्र आवाज आठवा, त्याच जातीची ज्योत. मागं टर्बाइनचं चाक, ज्याच्यावर तापून फुगलेली हवा आदळते. पुढचं आणि मागचं चाक एकाच दांड्यावर. मागचं फिरलं की पुढचं फिरतं, पुढचं फिरलं की आणखी हवा येते.

एवढ्या वाऱ्यात ज्योत विझत कशी नाही, असं कुणीही विचारेल. वाऱ्यात काडी पेटवताना आपण ओंजळ करतो ना, तशी ओंजळ आत असते. भोकं पाडलेली पत्र्याची नळी. हिला फ्लेम ट्यूब म्हणतात. पुढच्या बारीक भोकांतून ज्योतीपुरती हवा आत जाते, मागच्या मोठ्या भोकांतून गार हवा शिरून आच उतरवते. ती उतरली नाही तर टर्बाइनचं चाकच वितळेल. भोकं कुठं, किती आणि केवढी, यातच निम्मं इंजिन आहे म्हणा.

आता पोरांना पटत नाही ती गोष्ट. मागच्या चाकानं कमावलेल्या ताकदीतली निम्म्याहून जास्त, छोट्या इंजिनात तर दोन तृतीयांशापर्यंत, पुढचं चाक फिरवण्यातच जाते. उरेल ते तुमचं. म्हणजे शंभर हॉर्सपॉवर हातात हवे असतील तर आत तीनशे तयार व्हायला हवेत. दोन्ही चाकांची घडण दहा टक्क्यांनी जरी ढिली झाली तरी शिल्लक निम्म्यावर येते, आणि वीसेक टक्क्यांनी झाली तर इंजिन स्वतःच्या पायावर उभंच राहत नाही. विमानाच्या इंजिनाला देशांच्या देश घाम गाळतात ते याच शिलकेसाठी.

रेटा घ्यायचा की फेरे?

"स्वस्त टर्बाइन कुठं मिळेल" याआधी विचारायचं, "टर्बाइनकडून हवंय काय?" त्याच्याकडून दोन गोष्टी घेता येतात. मागून सुटणाऱ्या झोतानं गाडी पुढं ढकलायची, हा रेटा. इंग्रजीत थ्रस्ट. किंवा उरलेली ताकद आणखी एका चाकावर उतरवून दांडा फिरवायचा आणि गिअरमधून टायरला द्यायची, हे फेरे.

टर्बाइनच्या गाड्यांच्या रीलमध्ये बहुतेक वेळा दिसतं ते पहिलं. त्याचा हिशेब मी त्या पोराला बिलाच्या पाठीमागं करून दाखवला, इथं परत मांडतो.

मॉडेल विमानांसाठी मिळणारं एक मध्यम जेट इंजिन धरू. रेटा १० किलोचा, म्हणजे साधारण १०० न्यूटन. पूर्ण जोरात ते मिनिटाला साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास इंधन पितं, म्हणजे तासाला एकवीस लिटर. आता ताकद म्हणजे रेटा गुणिले वेग. बग्गी तासाला ३० किलोमीटरनं चाललीय, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. शंभर गुणिले सव्वाआठ, आठशे-सव्वाआठशे वॅट. एक हॉर्सपॉवरच्या जरा वर. जुन्या लुनाचं इंजिनही यापेक्षा जास्त द्यायचं. तासाला एकवीस लिटर जाळून हातात लुनापेक्षा कमी!

आणि बग्गी उभी असेल तर? वेग शून्य, म्हणून कामी आलेली ताकदही शून्य. इंधन मात्र तेवढंच.

तेच इंजिन विमानाला लावा आणि वेग ९०० करा. रेटा तेवढाच धरला तर पंचवीस किलोवॅट, म्हणजे तेहतीस हॉर्सपॉवर. इंजिन तेच, इंधन तेच, फरक फक्त वेगाचा. झोताचा रेटा वेगवान वाहनासाठीच आहे. १५ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात 'थ्रस्ट एसएससी' या गाडीनं तासाला १२२८ किलोमीटरचा वेग गाठला आणि जमिनीवर आवाजाचा वेग ओलांडला. तिला लढाऊ विमानाची दोन स्पे इंजिनं होती आणि चाकांना इंजिनाचा काही संबंध नव्हता, ती नुसती गडगडत होती. तिथं रेटा शोभतो. धुळे-पारोळा रस्त्यावर नाही.

तेव्हा गाडीसाठी हवेत फेरे.

मग फेरे देणारं स्वस्त इंजिन कुठून येतं?

जगभरचे हौशी लोक दोन दारं ठोठावतात.

एक दार हेलिकॉप्टरचं. ॲलिसन २५० नावाचं इंजिन (आता ते रोल्स-रॉइसचं म्हणून ओळखतात) साठच्या दशकापासून हलक्या हेलिकॉप्टरांत आहे. सुरुवातीच्या एका प्रकाराची ताकद ३१७ हॉर्सपॉवर आणि वजन ६५ किलोच्या आसपास. जुन्या क्विंटलच्या पोत्यापेक्षा हलकं. टर्बाइनवर चालणारी 'वाय टू के' मोटरसायकल अमेरिकेत याच इंजिनावर बांधली.

अशी इंजिनं स्वस्तात निघतात कारण विमानाच्या इंजिनाचं आयुष्य कागदावर मोजलेलं असतं. किती तास चाललं, किती वेळा सुरू करून बंद केलं (एकदा गरम होऊन गार झालं की एक 'सायकल'), हे सगळं वहीत. वहीतलं आयुष्य संपलं की चाक कितीही चकचकीत असो, उडायला चालत नाही. जमिनीवर चालतं. म्हणून वही हरवलेलं किंवा आयुष्य संपलेलं इंजिन नव्याच्या मानानं कवडीमोल जातं. पण ते उघडून बघितलं आणि आतलं एक चाक बदलायचं निघालं, की त्या चाकाची किंमत विमानवाल्या बाजाराचीच. घोडा स्वस्त, नाल महाग.

दुसरं दार एपीयूचं. विमान तळावर उभं असतं, मोठी इंजिनं बंद असतात, तेव्हा वीज आणि दाबाची हवा पुरवणारं छोटं टर्बाइन शेपटीत असतं, ते एपीयू. जुन्या लष्करी सामानातून निघणारं सोलर कंपनीचं टी-६२ हे यातलं हौशी मंडळींचं लाडकं. अमेरिकेत 'हेलिसायकल' नावाचं घरी जोडायचं एकासनी हेलिकॉप्टर आहे, त्यात हेच बसवतात. शंभरेक हॉर्सपॉवर, आतला दांडा मिनिटाला साठ हजारांच्या आसपास फिरतो, आणि ते फेरे उतरवणारा गिअरबॉक्स सोबतच येतो. किंमत काही हजार डॉलर.

पण इथं एक मेख आहे. टी-६२ एकदांडी आहे. कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि बाहेरचा दांडा सगळे एकमेकांना घट्ट बांधलेले. हेलिकॉप्टरात चालतं, कारण पंखा कायम एकाच वेगानं फिरायचा असतो. (आपल्या हवाई दलाच्या चेतक हेलिकॉप्टरातलं आर्टुस्तही एकदांडीच.) गाडीला मात्र शून्यापासून निघायचं असतं. क्लच सोडला की भार थेट कॉम्प्रेसरवर येतो, तो मंदावतो, हवा कमी होते, आच वाढते आणि इंजिन बसतं.

ॲलिसनमध्ये ताकद काढणारं चाक वेगळं, मोकळं असतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसरा वाऱ्यानं फिरू लागतो. दुसरा हातानं धरून ठेवला तरी पहिल्याचं काही बिघडत नाही. याला फ्री टर्बाइन म्हणतात. उभ्या गाडीला जोर द्यायला हेच हवं. तेव्हा गाडीसाठी इंजिन बघायचं तर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. दांडे एक की दोन, हे विचारा.

आता "मागवू या की" म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेतलं लष्करी मूळ असलेलं इंजिन तिथून बाहेर काढायला तिथल्या सरकारचा परवाना लागू शकतो. इकडे जुन्या यंत्राच्या आयातीचे नियम, वर कस्टम, वर भाडं. आपल्याकडचं सरकारी भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतं, पण चालू स्थितीतलं विमानाचं इंजिन तिथं दहा हजारांत पडलेलं सापडेल हा भ्रम सोडावा.

"इंजिन आलं, बसवलं, झालं!"

तसं झालं असतं तर आमची दुकानं कधीच बंद पडली असती.

मारुती ८००चा गिअरबॉक्स सदतीस-अडतीस हॉर्सपॉवरसाठी केलेला. त्यात तीनशे सोडले तर दात कुठं जातील ते सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे गिअरबॉक्स नवा, ॲक्सल नवा, ब्रेक नवे. त्यातून टर्बाइनला इंजिन-ब्रेक जवळजवळ नाहीच. लळिंगचा किंवा कन्नडचा घाट उतरताना ट्रकवाला खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनाला गाडी धरायला लावतो. फ्री टर्बाइनची गाडी तशी धरली जात नाही, सगळा भार ब्रेकवर.

पाय दिला की लगेच जोर येत नाही. चाकांना वेग घ्यायला वेळ लागतो. पाय काढला की लगेच जातही नाही. गर्दीत हे भयंकर.

मागून निघणारी हवा पाचशे-सहाशे अंशांची. मागं कडब्याची गाडी असली म्हणजे?

आणि ड्रायव्हरचा प्रश्न. चक्की रिकामी फिरवली तरी मीटर पळतं. ॲलिसन २५० गाडी जागेवर उभी असताना, नुसतं घुमत, तासाला पस्तीसेक लिटर पितं. पूर्ण ताकदीला शंभराच्या पुढं. विमान निघालं की तासन् तास एकाच जोरात चालतं, म्हणून तिथं हे खपतं. आपली गाडी अर्धा वेळ सिग्नलला, गुरांच्या मागं किंवा टपरीसमोर. तिच्यासाठी यापेक्षा गैरसोयीचं यंत्र शोधून सापडायचं नाही.

पण मोठ्या कंपन्यांनी केल्या होत्या ना अशा गाड्या?

केल्या होत्या, आणि चांगल्या केल्या होत्या. इंग्लंडच्या रोव्हरनं १९५० साली 'जेट १' रस्त्यावर आणली, टर्बाइनवर चालणारी जगातली पहिली मोटार. क्रायस्लरनं १९६३ पासून पन्नास गाड्या बांधून सामान्य कुटुंबांना आळीपाळीनं वापरायला दिल्या. दोनशेच्या वर लोकांनी त्या चालवल्या. डिझेल घाला, रॉकेल घाला, चाले. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांसमोर ती टकीला या दारूवर चालवून दाखवली होती. लोकांना गाडी आवडली, थरथर नाही, थंडीत लगेच सुरू. मुख्य तक्रारी: उठाव उशिरा आणि इंधन जास्त. कंपनीनं शेवटी बहुतेक गाड्या मोडून टाकल्या, नऊच उरल्या.

इंधन वाचवायला क्रायस्लरनं एक हुशारी केली होती. बाहेर जाणाऱ्या तप्त हवेनं आत येणारी हवा आधीच तापवायची. आपल्या चुलीच्या जाळावरच शेजारी आंघोळीचं पाणी ऊन करून घेण्यासारखं. फरक पडला, पण पिस्टनला गाठण्याएवढा नाही.

मला त्याहून आवडते ती १९६७ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीची गोष्ट. पार्नेली जोन्स टर्बाइनची गाडी घेऊन उतरला. दोनशेपैकी १७१ फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढं. शेवटच्या तीन-साडेतीन फेऱ्या उरल्या असताना गाडी थांबली. इंजिन ठणठणीत होतं, गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग गेलं. सहा डॉलरचं, असं सांगतात. टर्बाइनची गाडी हरते ती टर्बाइनच्या बाहेर. पुढच्या वर्षासाठी आयोजकांनी टर्बाइनच्या तोंडाचं क्षेत्रफळच कमी करायला लावलं, हा भाग वेगळा.

अमेरिकेचा अब्राम्स रणगाडा आजही १५०० हॉर्सपॉवरच्या टर्बाइनवर चालतो. त्याच्यामागं इंधनाचे टँकर चालतात. आपल्यामागं कोण चालणार?

आपला मे महिना

इंजिनाच्या कागदावर लिहिलेली ताकद १५ अंश तापमानाला मोजलेली असते. भुसावळ-जळगावचा पारा मेमध्ये पंचेचाळिशी ओलांडतो. तापलेली हवा विरळ. १५ वरून ४५ वर गेलं की तेवढ्याच जागेत मावणारी हवा नऊ-दहा टक्क्यांनी कमी. शिवाय गरम हवा दाबायला जास्त कष्ट पडतात, आणि ते कष्ट त्या दोन तृतीयांशाच्या खात्यातून जातात. दोन्ही मिळून छोट्या टर्बाइनची ताकद पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटते. त्यावर आपल्या काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारा कापूस. ट्रकचे एअर फिल्टर आम्ही उघडतो तेव्हा दोन्ही थरांनी बसलेले असतात. टर्बाइन ट्रकच्या कितीतरी पट हवा गिळतं, फिल्टरही त्या मापाचा हवा. असा फिल्टर बग्गीवर बसवायचा तर बग्गी फिल्टरवर बसवल्यासारखी दिसेल.

तिसरं दार: ट्रकच्या बॉनेटखाली

आता ते लांबचं नातं. टर्बो म्हणजे काय? सायलेन्सरच्या धुरावर फिरणारं टर्बाइनचं चाक, त्याच दांड्यावर पुढं हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक. टर्बाइन इंजिनाचे तीनपैकी दोन अवयव जोडलेले, तोललेले, भंगारात काही हजारांत. मधला ज्वलनकक्ष तेवढा आपण करायचा. महामार्ग गावाला लागून असल्यानं धुळ्यात असा टर्बो शोधायला लांब जावं लागत नाही. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगनं १९९० च्या आसपास घरी छोटं जेट इंजिन केलं, त्यातलं कॉम्प्रेसरचं चाक प्लायवूडचं होतं. आपल्याला तर ॲल्युमिनियमचं आयतं मिळतंय.

मी स्वतः केलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी, ट्रकच्या टर्बोवर. स्टेनलेसच्या पाइपची फ्लेम ट्यूब, भोकं ड्रिलनं. तेलासाठी वेगळा पंप आणि मोटर, कारण टर्बोचा दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, तेल थांबलं की काही सेकंदांत दांड्याभोवतीचा बुश संपला. सुरुवातीला फिरवायला भाता म्हणून ब्लोअर, पेटवायला गॅस, मग हळूहळू डिझेल.

पेटलं. शिट्टी चढायला लागली आणि मध्येच अडकली. ना चढे ना उतरे. मी काय केलं? ट्रकवाला चढावर करतो तेच, इंधन वाढवलं. इथंच चूक. वेग कमी असताना कॉम्प्रेसर पुरेशी हवा देत नाही. त्यात इंधन वाढवलं की फुंकर कमी आणि लाकडं जास्त अशी गत होते. वेग नाही वाढत, आच वाढते. तापमानाची सुई जागची हलायच्या आत मागून हातभर ज्वाळा निघाली, कर्रर्र असा आवाज आला आणि सगळं गप्प. उघडलं तर टर्बाइनच्या पात्यांची टोकं मेणबत्तीसारखी ओघळलेली. करायला हवं होतं ते उलटं: इंधन कमी, ब्लोअर चालूच, थोडा धीर. याला हंग स्टार्ट म्हणतात हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या टर्बोवर ते चाललं. चार मिनिटं. सात-आठ लोकांना बोलावलं होतं, त्यातले पाच पहिल्या मिनिटाला कान धरून बाहेर गेले.

असल्या इंजिनातून दहा-पंधरा किलो रेटा निघाला तर खूप. गाडी हलेल, पण वरचा लुनाचा हिशेब लागू. हे शिकायचं यंत्र आहे, स्टँडवर बोल्टनं आवळलेलं.

"अडीच इंचाच्या चाकाला काय घाबरायचं?"

साठ मिलिमीटरचं चाक मिनिटाला एक लाख फेरे घेतंय असं धरा. काठाचा वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या वर. काठावरच्या एका ग्रॅम धातूला बाहेर ओढणारी ताकद सव्वातीन क्विंटलची. ग्रॅमला! कापसाचं वजन करणाऱ्यांना सव्वातीन क्विंटल म्हणजे काय ते सांगायला नको. एवढ्याशा पात्याच्या तुकड्याला भेगेनं सोडलं तर तो पत्र्याला अडत नाही. म्हणून चाकाच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, बाजूला जाड लोखंडी प्लेट किंवा वाळूची पोती, इंधनाचा कॉक हाताच्या अंतरावर आणि माणूस त्याच्या मागं. मॉडेलसाठी मिळणाऱ्या बऱ्याच जेट इंजिनांचे फेरे याहूनही जास्त असतात.

रस्त्यावर आणता येईल?

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल बघता कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीत असा बदल चालत नाही. स्वतःच्या किंवा मालकाला विचारून दुसऱ्याच्या रानात, पेरणीआधी, आग विझवायचं नळकांडं शेजारी ठेवून जे काय करायचं ते.

जनरेटर म्हणून बसवलं आणि मोटरवर गाडी चालवली तर?

हा प्रश्न हुशार आहे, कारण मग टर्बाइन एकाच वेगानं चालतं आणि एकदांडीही चालतं. अमेरिकेच्या कॅपस्टोन कंपनीनं ३० किलोवॅटचं असं यंत्र केलं, दांडा ९६ हजार फेरे घेतो आणि तेलाऐवजी हवेच्या थरावर तरंगतो. ते बसमध्येही बसवून पाहिलं गेलं. जळालेल्या इंधनातली साधारण २६ टक्के ऊर्जा विजेत उतरते. चांगला डिझेल जनरेटर पस्तीसच्या आसपास जातो आणि त्याचा मिस्त्री शिरपूरलाही मिळतो.

तर मग तो पोरगा

बग्गीला त्यानं शेवटी जुन्या मोटरसायकलचं इंजिन लावलं. पण दिवाळीनंतर परत आला, फडक्यात गुंडाळलेला टर्बो घेऊन. आठशेला मिळाला म्हणाला. मी दांडा बोटांनी धरून हलवून दाखवला. वर-खाली किंचित हलला तर चालतं, तेल आलं की तो तरंगतो. पुढं-मागं हलला तर घेऊ नये, थ्रस्टचं, म्हणजे दांड्याचा पुढं-मागं रेटा झेलणारं बुश गेलेलं असतं. हा पुढं-मागं हलत नव्हता. मग कॉम्प्रेसरच्या तोंडात बॅटरी मारली. एका पात्याच्या काठाला ज्वारीच्या दाण्याएवढी खाच होती, कधीतरी एअर फिल्टरमधून काहीतरी आत गेलं असणार.

"एवढंसं तर आहे, नाना."

मी पाटीवर सव्वातीन क्विंटल लिहून दाखवलं. टर्बो परत फडक्यात गेला, आणि पोरगा तो बदलून आणायला भंगारवाल्याकडं.